गाळणी

रग्बी म्हणजे काय हे नाशिककरांना ठाऊक नव्हतं, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. गंगापूर रोडवरच्या एका काकूंनी 'थंडीचे रग विकायला आलेत का हो?' असं विचारल्याची गोष्ट आयोजन समितीत आवडीनं सांगितली जायची. पण आफ्रो-आशियाई महिला रग्बी करंडकाचं यजमानपद भारताकडे आलं, भारतानं ते नाशिकच्या गळ्यात घातलं, आणि गावाला असा चेव चढला की विचारता सोय नाही. शहराबाहेर नवं मैदान झालं. त्याच्या दोन्ही टोकांना इंग्रजी एचच्या आकाराचे उंच खांब उभे राहिले, तेव्हा रस्त्यानं जाणारे लोक 'यावरची तार कधी ओढणार?' म्हणून विचारायचे. बारा देशांचे संघ येणार होते. त्यांच्या सरावासाठी कॉलेजांची मैदानं उकरून नवं गवत लावलं, हॉटेलं पुरेनात म्हणून वसतिगृहं रंगवली, खेळताना कुणाच्या मानेला इजा झाली तर काय करायचं याची रंगीत तालीमही रुग्णवाहिकेसकट पार पडली.

उरला प्रश्न बोलण्याचा. मंगोलियापासून मादागास्करपर्यंतच्या मुली येणार, त्यांच्याशी नाशिकनं बोलायचं कुठल्या भाषेत? त्याचं उत्तर होतं 'कानगोष्ट'. कानामागं चिकटवायचं, हाडातून आवाज पोचवणारं, चण्याच्या डाळीएवढं यंत्र. तुम्ही मराठीत बोला, समोरच्याला ते त्याच्या भाषेत, तुमच्याच आवाजात ऐकू येणार. शिवाय बोलण्यात काही ठरलं, म्हणजे वेळ, जागा, भेट, तर यंत्र ते आपण होऊन पाहुण्याच्या दिनक्रमात नोंदवून ठेवायचं. जगातल्या मोठ्या स्पर्धांमध्ये तोवर हे सर्रास झालं होतं. मराठीत मात्र ते पहिल्यांदाच येत होतं.

अतिथी कक्षाची प्रमुख होती सुलक्षणा खैरनार. एका सहकारी बँकेत जनसंपर्काचं काम करता करता तिची पन्नाशी जवळ आली होती, आणि तिच्याइतकं गोड बोलणारं माणूस समितीत दुसरं नव्हतं. तिच्या जिभेवरची साखर कधी संपायची नाही. 'तिच्या घरून कुणी उपाशी गेलं नाही' असं लोक म्हणायचे, आणि ते खरंही होतं, कारण तिच्या घरी फारसं कुणी गेलंच नव्हतं.

प्रत्येक पाहुण्या संघाला समितीतला एक सोबती द्यायचा असा नियम होता. मादागास्करचा सोबती ऐनवेळी आजारी पडला, म्हणून तो संघ सुलक्षणानं स्वतःकडे घेतला. त्यात व्होलोलोना नावाची एक बाई होती. संघाची स्वयंपाकीण. पन्नाशीची, ठेंगणी, खांद्यावर कायम एक रंगीत शाल. तिची मुलगी हाइंगो संघात खेळत होती. पहिल्याच दिवशी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात व्होलोलोनानं इंद्रायणी तांदूळ मुठीत घेऊन हुंगला आणि विचारलं, "ताई, याचा भात तुम्ही कसा करता?" तिनं तिच्या भाषेत काय म्हटलं होतं कोण जाणे, पण यंत्रानं त्याचं 'ताई' केलं आणि सुलक्षणाला ते आवडलं.

"अहो, सांगून काय कळणार! या ना एकदा घरी. जेवायलाच या," सुलक्षणा म्हणाली.

आता हे वाक्य तुम्ही-आम्ही जन्मापासून ऐकतोय. 'या एकदा घरी' हे आपल्याकडे आमंत्रण नसतं, तो निरोप असतो. बोलणं संपवायचं असलं की आपण तो घेतो. समोरचाही 'हो, येऊ की' म्हणतो आणि दोघंही सुटतात. कुणी 'कधी येऊ?' असं विचारत नाही. विचारलंच तर तो माणूस गावात चर्चेचा विषय होतो.

व्होलोलोनानं विचारलं, "कधी?"

"कधीही या हो. रविवारी मी घरीच असते," असं म्हणत सुलक्षणा बसच्या दिशेनं वळलीसुद्धा. यंत्रानं रविवार लिहून घेतला. पत्ता त्याच्याकडे होताच.

रविवारी संध्याकाळी सुलक्षणा केसांना तेल चोपडून, गाऊनवर, कुकर लावून टीव्हीसमोर बसली होती. आठवडाभर पाय मोडेपर्यंत धावपळ झाली होती. बेल वाजली. तिनं मोबाइलवर दाराच्या कॅमेऱ्यातलं चित्र बघितलं. व्होलोलोना उभी होती. नवी शाल, विंचरून घट्ट बांधलेले केस, हातात कापडात बांधलेली कसलीशी पुडी. कॅमेऱ्याकडे बघून ती हसत होती, जणू कॅमेराच घरचा माणूस.

"कोण आहे गं?" तिचा नवरा विद्याधर आतून म्हणाला.

सुलक्षणानं ओठांवर बोट ठेवलं.

बेल पुन्हा वाजली. व्होलोलोनानं दारावरची पाटी बघितली, शाल सारखी केली. आणि नेमकी त्याच वेळी कुकरनं शिट्टी दिली. व्होलोलोनाचा चेहरा उजळला. घरात माणूस आहे, भात शिजतोय! ती पुडी दोन्ही हातांत धरून ताठ उभी राहिली. दार आता उघडणार, मग उघडणार. उघडलं नाही. हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचं हसू कुठं ठेवावं हे तिला कळेनासं झालं. तिनं मान खाली घातली आणि जिना उतरून गेली. सुलक्षणा हे सगळं मोबाइलवर बघत होती. तिला स्वतःची किळस आली, पण केस तेलकट होते आणि घरात पसारा होता, आणि आता तर उशीरही झाला होता.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये व्होलोलोनाच आपण होऊन म्हणाली, "ताई, काल मी चुकीच्या वेळी आले. यंत्राचं ऐकण्यात माझं काहीतरी चुकलं असणार."

"अय्या, तुम्ही आला होतात? आम्ही बाहेर गेलो होतो हो!" सुलक्षणा म्हणाली. व्होलोलोनानं क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि पुडी तिच्या हातात दिली. त्यात व्होलोलोनाच्या परसातल्या व्हॅनिलाच्या शेंगा होत्या.

त्याच संध्याकाळी समितीची बैठक झाली, ती गाजली. कोषाध्यक्ष पाटोळे तावातावानं उभे राहिले. त्यांनी केनियाच्या प्रशिक्षिकेला 'या सगळे घरी' म्हटलं होतं आणि सगळे आले होते. संघ, राखीव खेळाडू, डॉक्टर, मालिशवाली. "माझ्या बायकोनं पोह्यांवर निभावलं म्हणून अब्रू राहिली," पाटोळे म्हणाले. मग एकेकाला कंठ फुटला. कुणाकडे कझाक मुली साखरपुड्याला हजर झाल्या होत्या, कुणाला 'माझी गाडी तुमचीच समजा' हे महागात पडलं होतं.

कानगोष्टचं मराठी ज्यांनी घडवलं त्या डॉक्टर निरुपमा बोधनकर शांतपणे ऐकत होत्या. आवाजाच्या शास्त्रातल्या त्या मोठ्या अभ्यासक होत्या आणि बोलायला फटकळ. "यंत्राचं काही चुकलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही या म्हणालात. त्यानं या सांगितलं."

"अहो, पण आम्हाला तसं म्हणायचं नव्हतं!" पाटोळे म्हणाले.

"मग जे मनापासून नाही ते त्यानं पोचवूच नये," सुलक्षणा म्हणाली. "माझ्या बाबतीत असलं काही घडलं नाही. पण पाहुण्यांची उगीच फरफट होते. तेवढं कळतं का हो त्याला?"

"कळतं," निरुपमाबाई म्हणाल्या. "आम्ही ते झाकून ठेवलंय."

मग त्यांनी समजावून सांगितलं. माणूस दोन तऱ्हेनं बोलतो. काही वाक्यं मेंदू त्या क्षणी नवी घडवतो. काही तो सवयीच्या कोठारातून आयती काढून देतो, शिव्या, स्तोत्रं, पाढे आणि शिष्टाचार. दोन्हींचे शब्द सारखेच असतात, पण घडण वेगळी. आणि खरोखर काही करायचं असलं की तोंडातून शब्द निघण्याआधीच शरीर तयारीला लागतं. श्वास बदलतो, गळ्याचे स्नायू किंचित ताणले जातात, आवाजाला कानाला न कळणारा सूक्ष्म कंप येतो. 'बस, मी पाणी आणते' असं म्हणणारी खरंच उठणार असेल तर तिचा आवाज तिच्याआधी उठलेला असतो. यंत्राला तो ऐकू येतो. "हे खोटं पकडणारं यंत्र नाही, गैरसमज नको," निरुपमाबाई म्हणाल्या. "बोलण्यामागं माणूस उभा आहे की नुसतं बोलणंच आहे, एवढंच ते सांगतं. माहितीला मी हात लावणार नाही. बस कधी सुटेल, जेवण कुठं आहे, हे सगळं पोचेल. आमंत्रण, आश्वासन, आभार, शुभेच्छा आणि आपुलकीचं बोलणं, एवढंच गाळून घेता येईल. त्यांच्याकडून आपल्याकडे येणारंही."

"चहाच्या गाळणीसारखं!" पाटोळे खुशीत येऊन म्हणाले.

"हो. फक्त खाली काय उरतं ते आधी बघून घ्या. आणि पाहुण्यांना तसं सांगा."

"सांगायचं कशाला? उगाच गैरसमज व्हायचे," सुलक्षणा म्हणाली. ठराव एकमतानं मंजूर झाला.

पाहुण्यांच्या सन्मानार्थ भोजन होतं त्या दिवशी गाळणीचा पहिला प्रयोग झाला. स्वागताध्यक्ष बोलायला उभे राहिले ते अर्धा-पाऊण तास बोलले. नाशिकची पुण्यभूमी, पाहुण्यांविषयीचं प्रेम, हृदयाची दारं, सगळं झालं. मराठी माणसं सवयीनं टाळ्या वाजवत होती. पाहुणे मात्र कानामागं बोटं लावून बुचकळ्यात पडले होते. एवढ्या भाषणातलं त्यांच्यापर्यंत पोचलं ते एवढंच: 'माझा चष्मा कुठं ठेवला?' आणि 'जेवण मागच्या मंडपात आहे.' दुसऱ्या वाक्याला मात्र सगळे संघ उभे राहिले आणि त्यांनी टाळ्यांचा असा कडकडाट केला की स्वागताध्यक्षांचे डोळे भरून आले.

समितीत हसून हसून पुरेवाट झाली. व्यासपीठाच्या माइकवरची गाळणी लगेच काढली. बाकीची राहिली. हळूहळू हसू ओसरलं. दारादारात उभ्या असलेल्या स्वयंसेवकांच्या लक्षात यायला लागलं की आपण 'स्वागत आहे, स्वागत आहे' म्हणतोय आणि पाहुणे आपल्याकडे बघून वाट बघतायत, हा माणूस काही कळेल असं बोलेल का म्हणून. काहीजणांचं मात्र सगळं पोचत होतं. कोण ते, याची कुजबूज व्हायला लागली आणि ज्यांचं पोचत नव्हतं ते एकमेकांच्या नजरा टाळायला लागले. पाहुण्यांकडून येणाऱ्या वाक्यांत गळायचं प्रमाण फारच कमी होतं, असं निरुपमाबाईंनी एकदा सहज सांगितलं.

विद्याधरनं हे सगळं ऐकलं होतं. त्याला गंमत वाटली. "बघू तरी," म्हणत त्यानं सुलक्षणाचं जास्तीचं यंत्र कानामागं लावलं, मराठीतून मराठी असं लावून घेतलं आणि इकडच्या खऱ्या आवाजाला अटकाव म्हणून कानात कापसाचे बोळे कोंबले. सुलक्षणा फोनवर नणंदेशी बोलत होती. "हो ना वन्सं, किती दिवस झाले! या ना निवांत राहायला." विद्याधर खो खो हसायला लागला. "शून्य! एक शब्द आला नाही!"

सुलक्षणाही हसली. फोन ठेवून त्याच्याजवळ आली आणि म्हणाली, "दमला असशील ना रे. माझं लक्षच नाही सध्या तुझ्याकडे. ही स्पर्धा होऊ दे, आपण दोघं कुठंतरी जाऊन येऊ."

विद्याधर तिच्या ओठांकडे बघत राहिला. त्याचं हसू मघाच्याच जागी थांबलं होतं. मग त्यानं बोळे काढले, यंत्र काढून टेबलावर ठेवलं.

"चार्जिंग संपलेलं दिसतंय," तो म्हणाला.

यंत्रावरचा हिरवा दिवा दोघांनाही दिसत होता.

स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी दुपारी तिसऱ्या क्रमांकासाठी मादागास्कर आणि कझाकस्तान यांचा सामना होता. जिंकणाऱ्यांना कांस्यपदक. रग्बीत एक 'स्क्रम' असतो. दोन्ही बाजूंच्या आठ-आठ जणी वाकून, खांद्याला खांदा आणि डोक्याला डोकं भिडवून रेटारेटी करतात आणि मधून चेंडू मागं काढतात. तो स्क्रम कोसळला. मुली एकीवर एक पडल्या. बाकीच्या उठल्या, हाइंगो उठली नाही. शुद्धीवर होती. फक्त पाय कुठं आहेत हे कळत नाही म्हणाली.

रंगीत तालीम केली होती ती कामी आली. रुग्णवाहिका क्षणात मैदानात होती, मान हलू न देता तिला उचललं, आणि ऑपरेशन लगेच सुरू झालं. मादागास्कर तो सामना हरला. संघाच्या डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये गेल्या. बाकीच्या मुलींना संध्याकाळी समारोपाच्या संचलनात उभं राहणं भाग होतं. बाहेरच्या बाकावर व्होलोलोना एकटीच उरली, आणि तिच्याजवळ संघाची सोबती म्हणून सुलक्षणा.

"मणक्यावरचा दाब काढतायत. डॉक्टर बाहेर येऊन सांगतील," सुलक्षणा म्हणाली. व्होलोलोनानं मान हलवली.

"काळजी करू नका. सगळं नीट होईल. मी आहे ना."

व्होलोलोना तिच्याकडे बघत राहिली. पुढचं ऐकायला थांबल्यासारखी.

सुलक्षणानं तिच्या हातावर हात ठेवला. "तुम्हाला एकटं नाही सोडणार मी. अगदी बहिणीसारखी समजा मला."

व्होलोलोनानं कानामागं बोटानं टिचकी मारली. मग यंत्र काढून, पुसून पुन्हा लावलं. "ताई, हे मधेच बंद पडतंय," ती म्हणाली. "डॉक्टरांचं सांगितलंत ते ऐकू आलं. त्यानंतर तुमचे ओठ हलताना दिसतात, पण माझ्या भाषेतले शब्द येत नाहीत. माझ्या पोरीचं काही लपवताय का माझ्यापासून?"

सुलक्षणाची कानशिलं तापली. एवढी वर्षं गोड बोलून काढली. त्यातलं कुणापर्यंत काय पोचलं असेल, असा विचार तिच्या मनात आला आणि तो तिनं झटकन बाजूला सारला. समोर एक आई घाबरून बसली होती. तिला धीर द्यायला हवा होता. ती खिडकीशी गेली आणि निरुपमाबाईंना फोन लावला.

"माझ्यापुरती गाळणी काढा. आत्ता. इकडे परिस्थिती फार नाजूक आहे."

"काढते," निरुपमाबाई म्हणाल्या. "पण सुलक्षणाताई, मग पोचलं ते खरंच होतं की नाही, हे तुमचं तुम्हालाच बघावं लागेल."

"काढा हो तुम्ही!"

ती परत येऊन बसली. "काळजी करू नका. मी आहे ना. तुम्हाला एकटं नाही सोडणार," ती म्हणाली, अगदी त्याच सुरात.

या वेळी सगळं पोचलं. व्होलोलोनानं डोळे मिटले आणि सुलक्षणाच्या खांद्यावर डोकं टेकून ती रडली. "किती बरं वाटलं ऐकून," ती म्हणाली. "परक्या गावात माणूस लागतं, ताई." सुलक्षणानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. हात फिरवताना तिनं भिंतीवरचं घड्याळ बघितलं.

फोन थरथरला. समारोपाची गाडी खाली आली होती. आंतरराष्ट्रीय महासंघ सर्वोत्तम यजमानाचं पदक देणार होता, आणि ते घ्यायला व्यासपीठावर सुलक्षणा खैरनार यांचं नाव पुकारलं जाणार होतं.

"आलेच हं मी," ती उठत म्हणाली. "आत्ता आलेच."

आपल्या भाषेची ही एक गंमत आहे. निघणारं माणूस 'जाते' म्हणत नाही, ते अशुभ. 'येते' म्हणतं. आणि फारच घाईनं पाठ फिरवायची असली तर 'आलेच' म्हणतं, म्हणजे जायच्या आधीच परत आलेलं असतं. ऐकणाऱ्यालाही त्याचा अर्थ ठाऊक असतो. तो वाट बघत नाही, आपल्या कामाला लागतो. व्होलोलोनाला तो अर्थ कोण सांगणार? तिला ऐकू आलं की ताई आत्ता परत येतायत.

मैदान दिव्यांनी झगमगत होतं. सुलक्षणाचं नाव पुकारलं गेलं तेव्हा सगळं स्टेडियम उभं राहिलं. महासंघाच्या अध्यक्षांनी तिच्या गळ्यात निळ्या फितीचं पदक घातलं, ती दोन शब्द बोलली, ते दोन्ही पोचले. फोटो झाले. पाटोळ्यांनी पेढा भरवला. स्वागताध्यक्षांबरोबर फोटो झाले, मग प्रायोजकांबरोबर, मग ज्यांच्याबरोबर राहिले होते त्यांच्याबरोबर. आतषबाजी झाली. खरं सांगायचं तर या सगळ्या वेळात तिला इस्पितळाची आठवण एकदाही आली नाही. आठवण आली ती संचलन सुरू झालं तेव्हा. मादागास्करच्या मुली चौघी-चौघींच्या ओळीत चालत आल्या, आणि शेवटच्या ओळीत त्यांनी एका मुलीएवढी जागा मोकळी सोडली होती.

सुलक्षणा तशीच व्यासपीठावरून उतरली आणि गाडीत जाऊन बसली. ड्रायव्हरला ती 'लवकर' एवढंच म्हणाली. रस्ते गर्दीनं तुंबले होते. प्रत्येक सिग्नलला ती स्वतःला समजावत होती, एव्हाना ऑपरेशन झालं असेल, ती मुलीपाशी आत असेल, तिला माझी आठवणही नसेल. तसंच व्हावं असं तिला मनापासून वाटत होतं.

व्होलोलोना बाहेरच्याच बाकावर होती. शेजारच्या जागेवर तिनं आपली पिशवी ठेवली होती. सुलक्षणाला बघताच तिनं ती उचलून मांडीवर घेतली, जागा मोकळी केली.

ड्यूटीवरच्या सिस्टर लगबगीनं पुढे आल्या. त्यांच्याही कानामागं समितीनं दिलेलं यंत्र होतं. त्या सुलक्षणाला बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाल्या, "मॅडम, कुठं होतात हो तुम्ही? पेशंट केव्हाची शुद्धीवर आलीय. पाय हलवतीय, डॉक्टर खूष आहेत. पण ते आईला डॉक्टरांनीच सांगायचं ना, मी कशी बोलणार? आत या म्हणून मी दोनदा हाताला धरून उठवलं त्यांना. डॉक्टर आणि त्यांच्या संघाच्या डॉक्टरसुद्धा सांगायला आले होते, पण ताई आल्याशिवाय काही सांगू नका म्हणून यांनी ऐकूनच घेतलं नाही. या उठायलाच तयार नाहीत. काय बघायला लागेल याची भीती वाटते म्हणाल्या, एकटीनं धीर होत नाही. ताई आत्ता येतेच म्हणाल्यात, त्या आल्या की त्यांच्याबरोबर जाते. एकच धोशा. पोरगी आतून हाका मारतीय आणि या इथं रडत बसल्यात तुमच्यासाठी!"

जमिनीनं आपल्याला पोटात घ्यावं असं आपण सहज म्हणून जातो. सुलक्षणाला त्या वेळी ते खरोखर हवं होतं. दारापलीकडे मुलगी जागी होती, बरी होती, आणि आई दाराअलीकडे बसून होती ती केवळ तिच्या एका शब्दावर. ती 'जाते' म्हणाली असती, नाहीतर काहीच न बोलता निघून गेली असती, तरी चाललं असतं. गाळणी असती तरीसुद्धा तो शब्द वाटेतच गळला असता आणि ही बाई केव्हाच आपल्या लेकीपाशी पोचली असती.

"आलात?" व्होलोलोना म्हणाली. उशीर का झाला हे तिनं विचारलं नाही. तिनं सुलक्षणाचा हात घट्ट धरला. "चला. आता बघू."

हाइंगोच्या मानेला पट्टा होता आणि चेहरा सुजला होता. आई दिसताच तिनं पांघरुणाखाली आधी उजवा पाय हलवला, मग डावा, मुद्दाम, दाखवण्यासाठी. व्होलोलोना पलंगाच्या कडेला कोसळलीच. तिनं दोन्ही पाय पांघरुणासकट मिठीत घेतले आणि ती त्यांचे मुके घेत राहिली.

"आई, कुठं होतीस? मी किती हाका मारल्या," हाइंगो म्हणाली. सुलक्षणाच्या कानात ते स्वच्छ मराठीत आलं.

"इथंच होते गं, दाराबाहेर. ताईंची वाट बघत होते. एकटी कशी येऊ?"

हाइंगोनं मान न हलवता फक्त डोळे सुलक्षणाकडे वळवले. "तुम्ही आईला एकटं सोडलं नाहीत," ती म्हणाली. "तुमचे फार उपकार आहेत." पाहुण्यांकडून येणाऱ्या शब्दांवरची गाळणी अजून चालूच होती. तरी यातलं एक अक्षरही गळलं नाही.

सुलक्षणानं तोंड उघडलं. तिच्या बाजूची गाळणी बंद होती. ती काहीही म्हणाली असती तरी ते पोचलं असतं, आणि म्हणूनच तिला काही बोलवेना. हाइंगोची नजर तिच्या चेहऱ्यावरून खाली सरकली आणि गळ्यातल्या निळ्या फितीवर थांबली. ती फीत काढून ठेवायचं सुलक्षणाच्या लक्षातच आलं नव्हतं. हाइंगो ओठांना पडलेल्या चिरेतून हसली. तिचं स्वतःचं पदक त्याच दुपारी हुकलं होतं, पण तिच्या हसण्यात हेव्याचा लवलेश नव्हता.

"तुम्हाला पदक मिळालं?" तिनं विचारलं. "कशाचं?"